आठशेचे तीन

आकडा होता तीन.

भिंतीएवढ्या पडद्यावर तो एकटाच उभा होता आणि त्याच्यासमोर पाच देशांची चौदा शहाणीसुरती माणसं वाचा बसल्यासारखी बसली होती. कुणाचा हात चहाच्या कपावर तसाच राहिला होता, कुणाचा चष्मा कपाळावर अडकला होता. अकरा वर्षांची केतकी पागधरे आपल्या आबांच्या खुर्चीला खेटून बसली होती. तिला एकदा गणितात तीन मार्क मिळाले होते. पण तेव्हाही घरात अशी शांतता पसरली नव्हती.

"आबा, तीन काय?" तिने हळूच विचारलं.

आबांचे ओठ नुसतेच हलले. उत्तर दिलं ते टिटवीने. टिटवी म्हणजे टेबलावर बसलेलं केटलीएवढं दुभाषी यंत्र (एका भाषेतलं बोलणं ऐकून दुसऱ्या भाषेत सांगणारं). आबांबरोबर तीन सफरी करून ते मराठी शिकलं होतं, त्यामुळे जगातला कुठलाही मोठा शास्त्रज्ञ बोलला तरी टिटवीच्या तोंडून तो कोळीवाड्यातल्या मावशीसारखाच बोलायचा.

"हौदाला तीन, गो बाय," टिटवी म्हणाली. "आधी हौदाला आठशे होते."

केतकीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. म्हणजे आबा मोजतात ते समुद्रातले बारीक जीव, ते वल्हेपाये, गेले?

साल होतं २०६१ आणि फेब्रुवारी संपत आला होता. 'हिमसखी' हे जहाज उत्तर ध्रुव महासागराच्या बर्फात मुद्दामच रुतवून ठेवलं होतं. लांब काळोखी हिवाळा नुकताच सरला होता, सूर्य दुपारी थोडा वेळ क्षितिजावर डोकं काढायचा आणि भिडस्त पाहुण्यासारखा लगेच परत जायचा. या जहाजावर पाच देशांचे शास्त्रज्ञ एक योजना आखायला जमले होते: पुढची तीस वर्षं हा समुद्र सगळ्यांनी मिळून कसा अभ्यासायचा. कुणाचं जहाज कुठे जाईल, कधी जाईल, काय मोजेल.

आबा, म्हणजे डॉक्टर दामोदर पागधरे, चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी पत्र लिहून कळवलं होतं की ही योजना संपेल तेव्हा मी काही नसेन, पण माझी नात असेल, तेव्हा बोलणी चालताना तीही बसलेली बरी. यावर कुणाला नाही म्हणता आलं नाही. म्हणून केतकी लोकरीच्या तीन थरांत गुंडाळून इथे येऊन बसली होती, आणि तिच्या आईने लाडवांसाठी दिलेला बारीक रव्याचा डबाही तिच्याबरोबर आला होता.

पहिल्याच दिवशी आबांनी तिला समुद्राचा तळ समजावून सांगितला होता. "आपल्या घराचा ओटा आठव," ते म्हणाले होते. "ओट्याला लागूनच खोल विहीर आहे असं समज. किनाऱ्यापासून समुद्राखाली जमीन लांबवर उथळ जाते, दोनशे मीटर पाण्याखाली, तो ओटा. त्याला समुद्रबूड जमीन म्हणतात (म्हणजे पाण्यात बुडालेली जमिनीची कड). मग एकाएकी कडा तुटतो आणि तळ हजारो मीटर खाली जातो. ती विहीर. तिला द्रोणी म्हणतात (द्रोणासारखा खोलगट तळ). आपलं जहाज आत्ता कडा ओलांडून विहिरीवर आलंय. तुझ्या पायांखाली अडीच हजार मीटर पाणी आहे."

केतकीने तेव्हा चटकन पाय वर घेतले होते.

आणि या सगळ्या पाण्यात राहतात वल्हेपाये. तांदळाच्या कणीएवढा जीव, पाय वल्ह्यांसारखे, डोक्याला दोन लांबलचक तांबूस मिशा, आणि काचेसारख्या पोटात तेलाची एक चकाकती पिशवी. तो प्लवकांपैकी एक (प्लवक म्हणजे प्रवाहाबरोबर तरंगत जाणारे बारीक जीव). बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ धरतं, वल्हेपाये ते शेवाळ खातात, मासे वल्हेपायांना खातात, सील माशांना, अस्वल सीलला. देवमासा तर मधल्यांना विचारतच नाही, आ वासतो आणि लाखो वल्हेपाये एका घोटात गिळतो. आबांनी चाळीस वर्षं या कणीएवढ्या जिवांची मोजदाद केली होती. केतकीची आजी थट्टेने म्हणायची की ह्यांना माझा वाढदिवस आठवत नाही, पण वल्हेपायांच्या मिशा किती केसांच्या ते आठवतं.

आणि आता एक हौदभर पाण्यात (एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल) आठशेचे तीन झाले होते.

बैठकीच्या अध्यक्ष होत्या सिग्रून, आइसलंडच्या. उंच, पिकल्या केसांच्या, माशांच्या अभ्यासात मुरलेल्या. गेल्या वर्षी आबांचं जहाज गोदीत अडकून पडलं, तेव्हा त्यांची द्रोणीतली फेरी सिग्रूननेच आपल्या जहाजाने केली होती. त्या उठल्या. त्यांनी सांगितलं की ओट्यावर अजून हौदाला दोन हजार जीव आहेत, द्रोणी मात्र रिकामी झाली आहे. जहाजं पाचच आहेत. मेलेल्या पाण्यात ती फिरवण्यापेक्षा पाचही ओट्यावर लावावीत आणि जे उरलंय ते तरी सांभाळावं. दुपारी एक वाजता मतं घेऊ.

"द्रोणीचा नाद सोडूया, बाबांनो," टिटवीने शेवटचं वाक्य मराठीत आणलं. "तिथं आता कोन नाय."

कुणी हसलं नाही. आबा उठून खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

केतकीला त्यांच्याजवळ बसवेना. आबांना असं निजलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने रव्याचा डबा उचलला. लाडू आबांना फार आवडत. स्वयंपाकघराची वाट जाळ्यांच्या खोलीवरून जायची. तिथे शास्त्रज्ञांनी बरोबर आणलेली आपापल्या जहाजांची जाळी दोरीवर ओळीने वाळत टाकलेली असत. मासे धरायची नव्हेत ती, मोठ्या पांढऱ्या पायमोज्यासारखी, रेशमी कापडाची. बाहेरून सगळी सारखी, फक्त प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. ती त्यांच्याखालून वाकून जाताना सिग्रूनचं जाळं तिच्या गालाला घासलं. पुढचं आबांचं. तेही घासलं.

केतकी थांबली. एक खरखरीत लागलं होतं, एक मऊ.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आबांच्या वाडीत एक रीत होती. दुसऱ्याच्या जाळ्यात बोट घालायचं नाही. जाळ्याच्या भोकाला कोळी आस म्हणतात. दुसऱ्याच्या जाळ्याचा आस चाचपून पाहणं म्हणजे त्याच्या मासळीवर, त्याच्या इमानावर शंका घेणं. आबा आठ वर्षांचे असताना त्यांनी शेजारच्या होडीचं जाळं चाचपलं होतं, तर त्यांच्या बापाने त्यांना त्या घरी नेऊन माफी मागायला लावली होती. ही हकीकत केतकीने शंभरदा ऐकली होती.

ती जाळ्यासमोर हात मागे बांधून उभी राहिली. हात लावायचा नाही. पण बघायला काय हरकत आहे? बघून मात्र काही कळेना, डोळ्याला दोन्ही कापडंच दिसत होती. मग तिची नजर बगलेतल्या डब्यावर गेली.

तिने चिमूटभर रवा सिग्रूनच्या जाळ्यावर टाकला. रवा आरपार गेला, तिच्या बुटांवर पांढरं पीठ सांडल्यासारखं झालं. दुसरी चिमूट आबांच्या जाळ्यावर. एक कण खाली पडला नाही.

तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

ती धावत सुटली.

एकला पाच मिनिटं कमी असताना बैठकीचं दार उघडलं आणि सगळ्यांनी मान वळवली. केतकीच्या एका खांद्यावर आबांचं जाळं होतं, दुसऱ्यावर सिग्रूनचं, केसांत रवा आणि डोळ्यांत पाणी. आबा उठून आपल्या जागी आले होते. दुसऱ्याचं जाळं नातीच्या अंगावर पाहून त्यांचा चेहरा पडला.

"केतकी," ते म्हणाले. "ते ठेव आधी. विचारलं होतंस?"

"नाही आबा. मी नंतर माफी मागेन. आधी बघा."

तिने सिग्रूनच्या कागदांवर सिग्रूनचं जाळं ताणून धरलं आणि त्यावर मूठभर रवा ओतला. मतपत्रिका पांढऱ्या झाल्या. मग आबांचं जाळं धरलं आणि दुसरी मूठ ओतली. रवा ढिगाऱ्यासारखा जाळ्यातच बसला.

मतपत्रिका भरायला घेतलेली लेखणी एका शास्त्रज्ञाच्या हातातून गळून पडली आणि तिचा आवाज केवढा तरी मोठा वाटला.

सिग्रूनचा आस अर्ध्या मिलिमीटरचा होता, आबांचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नव्हता. सिग्रून माशांच्या पिल्लांमागे असायच्या, त्यांना मोठा आस सोयीचा. त्यातून बारीक जीव सगळे निसटून जात. आबांच्या आसातून काहीच निसटत नसे. दोन्ही आकडे मात्र एकाच तक्त्यात, एकाच रकान्यात जाऊन बसले होते.

"कुठल्या जाळ्याने मोजलं, हे तक्त्यात लिहीतच नाहीत?" केतकीने विचारलं.

आबा सावकाश उभे राहिले. त्यांनी टेबलाची कड धरली होती.

"नाही लिहीत," ते म्हणाले. "वीस वर्षांपूर्वी हा तक्ता मीच आखला. मला म्हणाले होते की जाळ्याचा रकाना ठेवा. मी म्हटलं, नको, ज्याने त्याने आपल्या जाळ्याने मोजावं, आम्ही एकमेकांच्या जाळ्यात बोट घालत नाही. मला तो सभ्यपणा वाटला. चूक माझी आहे."

टिटवीने हे सगळ्या भाषांत सांगितलं. या वेळी तिच्या आवाजातही मावशीपणा नव्हता.

सिग्रूनने मत पुढे ढकललं. जहाजाच्या पोटात एक विहीर होती, म्हणजे तळाला पाडलेलं गोल भोक, खाली थेट समुद्र. त्यातून दोन्ही जाळी शेजारी शेजारी दोनशे मीटर खाली सोडली आणि वर ओढली. सिग्रूनच्या जाळ्याच्या हिशेबाने हौदाला तीन. आबांच्या जाळ्याच्या हिशेबाने एकशे साठ.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केतकीने नाही वाजवल्या. एकशे साठ म्हणजे आठशे नव्हेत. आबा तर सूक्ष्मदर्शकावरून (बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं यंत्र) मान वरच करीनात. बऱ्याच वेळाने त्यांनी केतकीला बोलावून भिंगातून पाहायला सांगितलं आणि काय दिसत नाही ते सांग म्हणाले.

तिने पाहिलं. इवले इवले जीव ठिपक्यांसारखे वळवळत होते. "तांबड्या मिशांचे नाहीत," ती म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं. तांबड्या मिशांचे ते वल्हेपाये कणीएवढे असतात. ते सिग्रूनच्याही जाळ्यात अडकायलाच हवे होते. म्हणजे जे निसटले ते बारीक. मोठे निसटलेले नव्हते. मोठे नव्हतेच.

मघाशी टाळ्या वाजवणारी माणसं आपल्याच हातांकडे बघत राहिली.

केतकी आबांच्या कुशीत शिरली. ती लहान असताना आबा तिला त्यांच्या आईची ओवी म्हणून झोपवायचे. आता आबांना कुणीतरी थोपटायला हवं असं तिला वाटलं, म्हणून ती त्यांच्या पाठीवर हात फिरवत तीच ओवी पुटपुटू लागली.

दर्याच्या पोटात, कोण गं निजलं
लाटांचं पांघरूण, वरून घातलं
हळू ये गं होडी, वाऱ्या तू थांब गं
निजल्या लेकराची, पहाट लांब गं

आबांची पाठ ताठ झाली.

"सिग्रून," त्यांनी मान वळवून विचारलं, "माझी फेरी तू कुठल्या महिन्यात केलीस?"

सिग्रून म्हणाल्या की घरी परतताना, नोव्हेंबरात. तक्त्यात तर फक्त वर्षाचाच रकाना होता.

"मी कायम जुलैत जायचो," आबा म्हणाले. "आणि जाळं किती खोल?"

"दोनशे मीटर. तुझ्याइतकंच."

आबांनी कपाळावर हात मारून घेतला. चाळीस वर्षं ज्याचा अभ्यास केला, ते दुःखाच्या भरात त्यांना एकदाही आठवलं नव्हतं. त्यांनी सिग्रूनकडे फक्त दोन तास मागितले आणि जाळं पंधराशे मीटर खाली सोडायला सांगितलं, खाली जाईपर्यंत तोंड बंद ठेवून.

दोर रहाटावरून उलगडत राहिला. पाचशे मीटर. आठशे. बाहेर सूर्य येऊन गेलाही, केतकीने वळून पाहिलं नाही. आबा विहिरीच्या काठावर बसून तिला सांगत होते. शेवाळ वाढायला उजेड लागतो. हिवाळ्यात उजेड नाही म्हणजे शेवाळ नाही, शेवाळ नाही म्हणजे जेवण नाही. मग वल्हेपाया काय करतो? उन्हाळ्यात पोटभर खाऊन तेलाची पिशवी भरून घेतो आणि खोल, काळ्या, थंड पाण्यात उतरून झोपी जातो. याला दीर्घनिद्रा म्हणतात (महिनोन्‌महिने चालणारी झोप, जिच्यात शरीर जेमतेम चालू असतं). तेलाच्या थेंबावर अर्धं वर्ष काढतो. उजेड परतायच्या सुमाराला जागा होतो आणि वर निघतो.

"मग ओट्यावर का नाही झोपत?"

"ओटा उथळ. तिथे मासे हुडकून खातील. झोपायला खोली लागते, ती द्रोणीतच आहे. मग वसंतात प्रवाह यांनाच वाहून ओट्यावर आणतात आणि ओट्यावरचे मासे, देवमासे जेवतात. ओट्यावरचं ताट द्रोणीतून भरतं, बाळ. नुसता ओटा मोजून काही कळायचं नाही."

"पण असेच झोपलेत हे कशावरून? मेले असले तर?"

आबांनी तिचा हात धरला. त्यांचा हात गार होता.

जाळं वर आलं. तळाशी बांधलेल्या बाटलीत पाणी तांबूस दिसत होतं. आबांनी ती दिव्यासमोर धरली आणि केतकी पुढे वाकली. बाटलीत शेकडो वल्हेपाये होते, मिशा पसरलेले, एकही हलत नव्हता. प्रत्येकाच्या पोटात तेलाचा एक थेंब, जणू कुणी शेकडो बारीक पणत्या विझवून ठेवल्या होत्या.

"मेले," ती म्हणाली.

आबांनी बाटलीला नखाने हलकेच टिचकी मारली. एक मिशी हलली. मग दुसरी. एक वल्हेपाया झोपेतून उठवलेल्या पोरासारखा चिडून एक उडी मारून परत पसरला.

सिग्रून गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या काहीतरी पुटपुटत होत्या. टिटवी म्हणाली, "आगो बाय माजे, ही समदी झोपलीत." आणि आता मात्र सगळे हसले, रडत रडत हसले.

हिशेब झाला. एकाच जागी मोजले होते, त्यामुळे आबा छातीठोकपणे काही सांगेनात, पण द्रोणी मेलेली नव्हती एवढं नक्की होतं. झोपलेल्यांना परत विहिरीत सोडून दिलं.

मग योजनेचा कागद नव्याने आखला. दोन जहाजं ओट्यावर, दोन द्रोणीत, एक कड्यावर. सगळ्यांची जाळी एकाच आसाची, सगळी एकाच आठवड्यात पाण्यात, वरपासून पार खोलपर्यंत, आणि वर्षातून एकदा नव्हे, प्रत्येक ऋतूत. तक्त्यात नवे रकाने आले: जाळं, खोली, तारीख. केतकीने विचारलं की बर्फ आता लवकर वितळतं, तर शेवाळ लवकर वाढून संपून जाईल, आणि हे वल्हेपाये आपल्या जुन्या वेळेलाच उठले तर?

"ते कुणालाच ठाऊक नाही," आबा म्हणाले. "एका जहाजाने ते कधीच कळलं नसतं. पाचांनी मिळून कळेल. कदाचित तू चाळिशीत असशील तेव्हा."

सही करायच्या आधी सिग्रून उठून जाळ्यांच्या खोलीत गेल्या. त्यांनी आपलं जाळं आणलं आणि आबांसमोर दोन्ही हातांवर धरलं, एखाद्याला बाळ घ्यायला द्यावं तसं. टिटवीला काम पडलं नाही.

मग चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने, आयुष्यात दुसऱ्यांदा, दुसऱ्याच्या जाळ्यात बोट घातलं, आस चाचपला आणि तक्त्याच्या नव्या रकान्यात आपल्या हाताने आकडा लिहिला.

लाडू त्या दिवशी झाले नाहीत. रवा सगळा पाचही देशांची जाळी तपासण्यात संपला होता. केतकी जहाजातल्या विहिरीच्या काठी दोराच्या वेटोळ्यावर बसून पाय हलवत खालच्या काळ्या पाण्याकडे बघत होती. आज सूर्य कालच्यापेक्षा थोडा जास्त थांबला होता. उद्या आणखी थोडा थांबेल. आणि तिच्या पायांखाली, कितीतरी खाली, कुणीतरी कूस बदलत होतं.